छप्पन्न फुटांचा संसार

आमच्या काशीगावच्या इमारतीच्या गच्चीवर मी एकदा ५६ फूट मोजून खडूच्या दोन रेघा मारल्या. पाण्याच्या टाकीपासून निघालो तो जिन्याच्या दारापाशी पोचलो. बावीस पावलं झाली. भारतीय नौदलाची 'म्हादई' ही शिडाची बोट एवढीच लांब आहे. या बावीस पावलांत शिडं, दोरांची भेंडोळी, इंजिन, बॅटऱ्या, शेगडी, बिछाना, संडास, शिधा आणि एक माणूस. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे हा सगळा पसारा घेऊन मुंबईहून निघाले आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पृथ्वीला वळसा घालून मुंबईलाच परत आले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत मुक्काम फक्त चार: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेच्या टोकाचं केप टाउन.

वादळांच्या गोष्टी सगळे सांगतात आणि त्या ऐकायला मलाही आवडतात. पण माझ्या मनात कायम घोळणारा प्रश्न निराळा आहे. वादळ नसलेल्या एखाद्या साध्या मंगळवारी, दुपारी चार वाजता, जमिनीपासून दोन हजार किलोमीटरवर तो माणूस काय करत असतो?

बहुतेक वेळा तो काहीतरी दुरुस्त करत असतो. नाहीतर स्वयंपाक, नाहीतर आवराआवर. महासागर ओलांडायचा म्हणजे महिनोन्‌महिने नेटाने घर चालवायचं. हे मला कळलं तेव्हा समुद्र माझ्यासाठी आणखी मोठा झाला.

आधी वेग समजून घेऊ. अशी बोट चांगल्या वाऱ्यात सात-आठ नॉटने जाते. नॉट म्हणजे गाठ. जुने खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडायचे आणि ठरावीक वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. तो शब्द अजून टिकून आहे. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. सात नॉट म्हणजे ताशी १३ किलोमीटर. आमच्या इथे हायवेच्या कडेने सायकल हाणणारा दूधवाला याहून पुढे निघून जाईल. पण बोट थांबत नाही. जेवायला नाही, झोपायला नाही, अंधार पडला म्हणून नाही. चोवीस तासांत ती तीनशे किलोमीटर कापते, म्हणजे मुंबई ते कराड. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. सागरी मैलाचं मापही पृथ्वीच्याच अंगावरून घेतलेलं आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मिनिटं, आणि एका मिनिटाचं अंतर म्हणजे एक सागरी मैल. ३६० गुणिले ६० केले की २१,६०० येतात. प्रदक्षिणा म्हणवून घ्यायला किमान तेवढे मैल शिडावर कापावे लागतात, सगळी रेखावृत्तं ओलांडावी लागतात, विषुववृत्त पार करावं लागतं, आणि सुएझ किंवा पनामाचा कालवा वापरायचा नसतो.

मुंबई किंवा गोव्याहून पावसाळ्याच्या शेवटाला निघण्याचं कारण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, डिसेंबर ते फेब्रुवारीत गाठायचं, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. दोंदे तिथून २०१० च्या जानेवारीत गेले. शाळेच्या भूगोलात आपण 'गरजणारे चाळीस' आणि 'खवळलेले पन्नास' पाठ केलेले असतात. दक्षिण गोलार्धात त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही, म्हणून पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती अखंड धावतात आणि लाटाही त्यांच्याबरोबर वाढत जातात. बोट त्या वाऱ्याच्या पाठीवर बसून पूर्वेला जाते. तिथे पोचेपर्यंत मात्र तिला विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा ओलांडावा लागतो. तिथे शीड ओल्या चादरीसारखं लोंबतं आणि मग दक्षिणेचे व्यापारी वारे तिरके समोरून येतात.

समोरून तिरक्या येणाऱ्या वाऱ्यावर बोट पुढे कशी जाते, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही. ताणलेलं शीड विमानाच्या पंखासारखं वागतं, वारा त्याच्या अंगावरून वळतो आणि शिडाला ओढतो. ती ओढ बरीचशी आडवी असते. बोटीच्या पोटाखाली खोल उतरलेला जड कणा, म्हणजे कील, पाण्यात रुतून आडवं सरकणं रोखतो. उरते ती पुढची वाट. मात्र वर वारा ढकलतो आणि खाली कील अडवतो, या ओढाताणीत बोट कलते. आणि कललेलीच राहते. मुंबईहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना आग्नेयेचा वारा डावीकडून येतो, म्हणजे घर दिवसेंदिवस उजवीकडे झुकलेलं.

कललेल्या घरात जगून बघा. एक हात सतत बोटीसाठी आणि दुसरा कामासाठी, असा दर्यावर्दींचा शिरस्ता आहे. ताट मांडीवर धरायचं, चहाचा पेला भरायचा तो अर्धाच. शेगडी दोन खिळींवर टांगलेली असते, त्यामुळे बोट कशीही डुलली तरी ती बाळाच्या पाळण्यासारखी झुलत सपाट राहते, आणि भांडी पकडायला तिच्यावर चिमटे असतात. लांबच्या सफरीत प्रेशर कुकरसारखं भांडं नाही. झाकण घट्ट बसतं, पडला तरी उकळतं अन्न अंगावर येत नाही, गॅस कमी लागतो. आपल्या घरची खिचडी हे महासागराच्या मधोमध करायला सर्वांत शहाणं जेवण असावं, असं माझं ठाम मत झालंय. बिछान्याला उघड्या बाजूने कापड ताणून बांधतात, म्हणजे झोपलेला माणूस झोळीतल्या तान्ह्यासारखा पडतो आणि घरंगळत नाही.

शिध्यात भाजी लवकर संपते. पालेभाजी पहिल्या आठवड्यात, टोमॅटो थोडे पुढे, कोबी त्याहून पुढे, आणि शेवटपर्यंत साथ देतात कांदे, बटाटे, लसूण आणि लिंबं. रोज उठून प्रत्येक कांदा हातात घेऊन बघायचा, कारण एक सडला की शेजारचा सडतो. आमच्या जवळच्या उत्तन या कोळीगावातल्या बोटींवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. एकट्याच्या बोटीवर भंडारी, तांडेल, खलाशी, सुतार, शिंपी, इलेक्ट्रिशियन आणि डॉक्टर हे सगळे एकाच शर्टात असतात.

पाण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पाणी कधी येणार यावर आमच्या घरातल्या सगळ्या कामांचा क्रम ठरतो. कोणत्या पिंपातलं पाणी कशाला, हे इथल्या लहान मुलांनाही कळतं. बोटीवर चहूकडे क्षितिजापर्यंत पाणी असतं आणि त्यातलं घोटभर पिता येत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढं मीठ शरीराबाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. म्हणजे माणूस जितकं पिईल तितका सुकत जाईल. म्हणून बोटीवर खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र असतं. घरच्या आरओचीच ही जात, पण समुद्राचं पाणी पडद्यातून ढकलायला हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट जोर लावावा लागतो. त्याला वीज लागते, विजेला डिझेल लागतं, आणि डिझेल मोजकं असतं. पाण्याचा प्रत्येक पेला असा अखेर डिझेलच्या हिशेबात जाऊन बसतो.

म्हणून आंघोळ आणि भांडी खाऱ्या पाण्यानेच. साध्या साबणाला तिथे फेस येत नाही, कारण समुद्रातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून चिकट साका करतात, शॅम्पू मात्र चालतो. शेवटी तांब्याभर गोडं पाणी अंगावर. आणि पाऊस आला तर सण! मोठं शीड हे केवढं तरी ताडपत्रीचं छप्पर असतं. पहिली काही मिनिटं शिडावरचं मीठ धुऊन जाऊ द्यायचं, मग खालच्या आडव्या दांड्यापाशी बादली लावायची. आमच्या चाळीत पूर्वी पहिल्या पावसाची पन्हळ अशीच सोडून द्यायचे आणि मग पिंप लावायचे.

आता झोप. एकटा माणूस झोपला की बोट कोण चालवतं? सुकाणू ऑटोपायलट धरतो. काही बोटींवर मागे एक पातं असतं, ते वाऱ्याची दिशा चाखत सुकाणूला वळवतं आणि त्याला वीजही लागत नाही. प्रश्न पहाऱ्याचा असतो. बोटीवर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच मीटर उंच. क्षितिजावर डोकं काढलेलं मालवाहू जहाज वीस-पंचवीस मिनिटांत अंगाशी येऊ शकतं. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकटे दर्यावर्दी वीस-वीस मिनिटांचे तुकडे झोपतात. गजर, वर येऊन चहूकडे एक नजर, पुन्हा आडवं. रडार आणि जहाजांचे संकेत टिपणारं यंत्र आता मदतीला असतं, शिवाय दक्षिणेच्या ओसाड समुद्रात थोडी मोठी डुलकी परवडते. पण खरा पहारेकरी कानच. उत्तनला वलांडीवर बोंबील वाळत होते तिथे बसून एका तांडेलाने मला सांगितलं होतं, की इंजिनाच्या आवाजात झोप लागते आणि तोच आवाज किंचित बदलला की जाग येते. शिडाच्या बोटीवर दोर, पाणी आणि लाकूड यांच्या आवाजाचं तसंच असतं. हजार कुरकुरींत एक नवी कुरकुर आली की माणूस ताडकन उठून बसतो.

माणसं जास्त असली की पाळ्या लागतात. 'तारिणी' ही म्हादईची गोव्यातच बांधलेली बहीण. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी स्त्रिया तिच्यातून निघाल्या: त्यांच्याबरोबर प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापती, विजया देवी आणि पायल गुप्ता. २१ मे २०१८ रोजी त्या गोव्याला परतल्या, २५४ व्या दिवशी. मग २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या. दोघींच्या बोटीवर एक जागी तर दुसरी झोपलेली, म्हणजे एका घरात राहून निवांत गप्पा पाळी बदलतानाच. ३० जानेवारी २०२५ रोजी त्या पॉइंट नेमोजवळून गेल्या. पॅसिफिकमधल्या त्या जागेपासून सर्वांत जवळची जमीन सुमारे २,७०० किलोमीटरवर आहे. अंतराळ स्थानक जेव्हा तिथून डोक्यावरून जातं, तेव्हा त्यातली माणसं जेमतेम ४०० किलोमीटरवर असतात. अशा घटकेला तारिणीचे सर्वांत जवळचे शेजारी आकाशात असणार!

मंगळवारच्या दुपारकडे परत येतो. चार वाजता तो माणूस गुडघ्यांवर बसून एखादा दोर बोटांनी चाचपत असतो. समुद्रावर वस्तू मोडते त्याहून जास्त वेळा ती झिजते. बोट साधारण दर दहा सेकंदांनी एकदा डुलते असं धरा. दिवसाला ८,६४० हेलकावे, १५० दिवसांत जवळजवळ तेरा लाख. प्रत्येक हेलकाव्याला दोर कप्पीत केसभर सरकतो, शीड तारेला घासतं, खिळीतली पिन इवलीशी हलते. म्हणून रोज सकाळी बोटीला प्रदक्षिणा घालायची, रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे उचलायचे, दोर घासतो ती जागा थोडी सरकवायची, उसवलेली शिवण सुईदोऱ्याने धरायची, तळाशी पाणी साठलंय का पाहायचं, हवेचा दाब वहीत लिहायचा. दाब भराभर उतरू लागला तर वारा येण्याआधीच शीड आखडतं घ्यायचं. एवढं करूनही सहाजणींच्या सफरीत तारिणीचं सुकाणू परतीच्या वाटेवर बिघडलं आणि ठरलेल्या चार बंदरांत मॉरिशसच्या पोर्ट लुईची भर पडली.

आणि कधी कधी सगळी निगा अपुरी ठरते. जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत एकट्याने निघालेल्या अभिलाष टॉमी यांची 'तुरीया' ही बोट २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला. हलता येत नव्हतं. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज पोचेपर्यंत ते बिछान्यात पडून होते. साडेचार वर्षांनी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, तीच शर्यत त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली. हे वाचताना मी उठून उभा राहिलो होतो.

याच टॉमींनी त्याआधी म्हादईतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली होती. १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले, ३१ मार्च २०१३ ला मुंबईला पोचले. घरच्यांचे दिवस भरले १५०. बोटीवर मात्र सूर्य १५१ वेळा उगवला. पूर्वेला जाणारा माणूस रोज सूर्याच्या सामोरा थोडा धावत असतो, म्हणून त्याचा प्रत्येक दिवस आपल्या दिवसाहून सरासरी साडेनऊ मिनिटांनी तोकडा पडतो. ही मिनिटं साठत साठत एक सबंध जादा दिवस होतो. वहीतल्या तारखा घरच्या तारखांशी जुळाव्यात म्हणून पॅसिफिकमध्ये वाररेषा ओलांडताना एकच तारीख दोनदा लिहायची. जादा काळ कुणाला मिळत नाही, पण एक पहाट खरोखर जास्त मिळते.

या बोटी आल्या कुठून, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हादई घडली मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव म्हादई. महासागर पार करणारी अशी बोट दांडेकरांनी त्याआधी बांधलेली नव्हती, आणि दोंदे हे नौदलात पाणबुड्याचं काम करणारे, तेही अशा सफरीला नवखे. दोघांना एकत्र आणणारी कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला, समुद्रापासून दूर जाऊन राहिलेले. भारतीयाने एकट्याने शिडावर पृथ्वी प्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात ते गेले, तोवर दोंदे, टॉमी आणि तारिणीवरच्या सहाजणी परतल्या होत्या.

पण धागा त्याहून जुना आहे. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा जगात सर्वांत आधी केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९. ती एक शर्यत होती; तीत नऊजण उतरले होते, पुरी करणारे ते एकटे. त्यांची ३२ फुटांची 'सुहैली' मुंबईत बांधलेली होती, सागवानी, इथल्या सुतारांच्या वाकसाने तासलेली. दोंदे पुढे शिकायला गेले ते याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे, आणि टॉमींची तुरीया ही सुहैलीच्याच घडणीवर दांडेकरांनी गोव्यात उभारलेली.

सुहैली हे आखातातल्या एका वाऱ्याचं अरबी खलाशांनी ठेवलेलं नाव, आणि सुहैल हे एका ताऱ्याचं. आमच्या काशीगावापासून घोडबंदर फार लांब नाही. अरबस्तानातले घोडे तिथे गलबतांतून उतरत, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात. त्या गलबतांवरच्या माणसांना रात्री दिशा दाखवणाऱ्या ताऱ्यांत हा सुहैल असणार. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. समुद्र एका आचमनात पिऊन टाकणारा तोच अगस्त्य. पावसाळा सरताना पहाटे तो पुन्हा दिसू लागला की पाणी निवळतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत.

दिशा दाखवणारा दुसरा तारा ध्रुव. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे तुमचा अक्षांश. काशीगाव १९ अंशांवर, म्हणून इथे ध्रुव १९ अंशांवर. हात ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे दोन मुठींना जरा कमी. दक्षिणेला निघालेल्या बोटीवर तो रोज रात्री थोडा खाली बसतो आणि विषुववृत्तावर समुद्रात बुडतो. त्याच वेळी समोर त्रिशंकू वर चढत असतो आणि त्याच्यासोबत अगस्त्य. चाळीस अंश दक्षिणेला पोचलं की अगस्त्य मावळतच नाही, ध्रुवासारखा रात्रभर पहाऱ्यावर राहतो. बावन्न अंशांच्या पुढे, केप हॉर्नच्या वाटेवर, तो थेट डोलकाठीच्या टोकाशी येतो. दिवसा तिथे साडेतीन मीटरपर्यंत पंख पसरणारे अल्बट्रॉस पंख न हलवता तासन्‌तास बोटीमागे तरंगतात, रात्री बोटीमागची पाण्याची रेघ सूक्ष्म जिवांच्या निळसर उजेडाने पेटलेली असते, आणि वर अगस्त्य.

फेब्रुवारीत रात्री नऊ-सव्वानऊला मी गच्चीवर जातो. खडूच्या रेघा कधीच पुसल्या गेल्यात, पण बावीस पावलं मला आता न मोजता कळतात. खाली हायवेचा आवाज चालू असतो. वसईच्या खाडीच्या अंगाला ध्रुव, मंद, शोधावा लागतो. वळून दहिसरच्या अंगाला पाहिलं की इमारतींच्या वर अगस्त्य लखलखत असतो. मी दोन्हीकडे मूठ धरून बघतो. इथून दोघांची उंची जवळजवळ सारखीच आहे.